धोक्याचे कलमवार बिल

दुचाकीबद्दल आपल्याकडे दोन मते ऐकू येतात आणि दोन्ही घाऊक असतात. पहिले घरातल्या थोरांचे: गाडी म्हणजे जिवाला घोर, पोराला घेऊन देऊ नका. दुसरे कट्ट्यावरचे: मरायचे असेल तो घरात बसूनही मरतो, आणि ज्याचे डोके त्याने सांभाळावे. वरवर ही मते एकमेकांविरुद्ध उभी आहेत, पण दोघांचे गृहीत एकच आहे. दुचाकीचा धोका हा एक अखंड गठ्ठा, तिचा फायदा हा दुसरा अखंड गठ्ठा. आता कोणता मोठा तेवढे सांगा आणि गाडी घ्या किंवा सोडून द्या.

हे गृहीतच मला उथळ वाटते. दुचाकीचा धोका बिलासारखा कलमवार वाचायला हवा. तळाची बेरीज पाहून डोळे मोठे करण्यात किंवा खांदे उडवण्यात अर्थ नाही. कलमे वाचू लागलो की तीन वेगळ्या नोंदी दिसतात. एका नोंदीतला धोका ही दुचाकीच्या फायद्याची खरी किंमत आहे. दुसऱ्या नोंदीतला धोका भलत्यानेच आपल्या नावावर लावला आहे. तिसऱ्या नोंदीतल्या धोक्यापोटी हाती काहीच येत नाही. माझे म्हणणे असे की वाद सगळा पहिल्या नोंदीवरून चालतो, माणसे मात्र बहुतांशी दुसऱ्या आणि तिसऱ्या नोंदीत मरतात.

१. बेरीज आधी नीट वाचू

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली सुमारे ७५ हजार, म्हणजे ४४.५ टक्के, दुचाकीवर होती. यावर एक चलाख युक्तिवाद नेहमी होतो. देशातल्या नोंदणीकृत वाहनांत दुचाक्या सुमारे तीन-चतुर्थांश. मृतांत त्यांचा वाटा निम्म्याहूनही कमी. मग दुचाकी उलट सुरक्षितच म्हणायची की! हा हिशेब फसवा आहे. वाहनांची संख्या मोजून धोका मोजता येत नाही. ट्रक दिवसाला शेकडो किलोमीटर धावतो, एसटीत पन्नास माणसे बसतात, दुचाकी दिवसातले बरेच तास स्टँडवर उभी असते. धोका मोजायचा तर माणसामागे आणि किलोमीटरमागे मोजावा लागतो. अमेरिकेत तसा मोजतात, आणि तिथे मोटारीतल्या माणसाच्या तुलनेत मोटारसायकलवरचा माणूस तेवढ्याच अंतरात मरण्याची शक्यता वीस पटींहून अधिक निघते. तो गुणाकार जसाच्या तसा आपल्याला लागू होणार नाही, कारण तिथली मोटारसायकल मोठी, वेगवान आणि बव्हंशी हौसेची असते; आपली शंभर-सव्वाशे सीसीची आणि निम्मा वेळ कोंडीत अडकलेली. दिशा मात्र तीच आहे.

आपल्यापुरता एक ढोबळ हिशेब करून पाहू. नोंदणीपुस्तकातल्या भंगारात गेलेल्या गाड्या वजा करून रस्त्यावर २० कोटी दुचाक्या धावतात असे धरले, तर वर्षाला सुमारे २,७०० गाड्यांमागे एक मृत्यू येतो. एका गाडीला एका दिवसाचा भागाकार केला तर दहा लाखांत एक. एवढ्याशा शक्यतेला कोण भिणार? पण हाच धोका चाळीस वर्षे रोज घेतला तर तो सत्तरांत एकाच्या आसपास जातो. शाळेतल्या एका मोठ्या तुकडीतला एक जण, असे म्हटले की आकड्याला चेहरा येतो. शिवाय यात फक्त मृत्यू धरले आहेत. मांडीचे हाड मोडून सहा महिने घरी बसलेले, डोक्याला मार लागून स्वभावच बदललेले, नोकरी गेलेले यांची गणती वेगळी.

या दोन आकड्यांमधल्या दरीतूनच आपला सगळ्यात लाडका पुरावा जन्माला येतो: ‘वीस वर्षे चालवतोय, एक ओरखडा नाही.’ वरचा हिशेब खरा मानला तर वीस वर्षे गाडी चालवून जिवंत राहिलेल्यांचे प्रमाण शंभरात नव्याण्णवहून अधिक भरते. त्यात जपून चालवणारे आहेत तसे बेफाम चालवणारेही आहेत. हेल्मेट घालणारे आहेत तसे ते आरशाला टांगून फिरवणारेही. म्हणजे हे वाक्य उच्चारणारा सावध आहे की नशीबवान, हे त्या वाक्यावरून अजिबात कळत नाही. ज्यांना हे वाक्य म्हणता आले नसते ते वादाला हजर नसतात. दुर्मीळ पण भयंकर धोक्याबाबत स्वतःचा अनुभव हा सर्वांत वाईट शिक्षक असतो, कारण तो रोज उत्तीर्ण करतो.

२. फायदा हौशीपेक्षा मोठा आहे

धोक्याची भाषा करणारे बहुधा मोटारीतून बोलतात, म्हणून फायद्याचे कलम त्यांच्याकडून घाईत वाचले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या सुमारे निम्म्या घरांत दुचाकी आढळली. मोटार असलेली घरे शंभरात आठही नव्हती. निम्म्या देशाने जे वाहन घेतले ते थरारासाठी घेतलेले नसते. चाकणच्या कारखान्यात रात्री उशिरा पाळी संपते तेव्हा घरापर्यंत नेणारी बस नसते. पहाटे संकलन केंद्रावर दुधाचे कॅन पोहोचवायचे असतात. आशाताईंना तीन वाड्यांवर जायचे असते आणि वाडी डांबरी रस्त्यापासून चार किलोमीटर आत असते. २०२१-२२ मध्ये एसटीचा संप महिनोन्महिने चालला तेव्हा ग्रामीण महाराष्ट्राचे बाजार, शाळा आणि दवाखाने कशाच्या आधारावर चालले याचे उत्तर प्रत्येक गावाला ठाऊक आहे.

बायकांच्या बाबतीत हा फायदा आणखी खोल जातो. १९७२ ची लूना, १९८४ ची कायनेटिक होंडा, २००१ ची अॅक्टिव्हा या गाड्यांनी मध्यमवर्गीय स्त्रीला पहिल्यांदा असे वाहन दिले ज्याला किक मारायला, गिअर टाकायला वा सोबत यायला पुरुष लागत नव्हता. पुण्याच्या रस्त्यावर तोंडाला ओढणी गुंडाळून क्लासला, बँकेत किंवा रात्रीच्या नाटकाला जाणारी मुलगी हे आज इतके नेहमीचे दृश्य आहे की त्यामागचा बदल दिसेनासा झाला आहे. नोकरी कुठे धरायची, कॉलेज कोणते निवडायचे, किती वाजता परतायचे हे तिला बसच्या वेळापत्रकाला न विचारता ठरवता येते. याची किंमत रुपयांत मांडता येणार नाही, पण म्हणून ती शून्य धरणारा हिशेब खोटा ठरतो. मुंबईत २०१७ साली १०८ च्या सेवेत मोटारसायकल रुग्णवाहिका आल्या, त्याही याच गुणासाठी: गल्लीत शिरते, कोंडीतून निघते.

‘गाडी नकोच’ हा सल्ला म्हणून पोकळ आहे. तो मानायचा तर नोकरी, शिक्षण किंवा रात्रीचे बाहेर पडणे यांपैकी काहीतरी सोडावे लागते, आणि ते कोणी सोडायचे हे सल्ला देणारा सांगत नाही.

३. पहिली नोंद: दोन चाकांचा स्वतःचा धोका

काही धोका दुचाकीच्या रचनेतच आहे आणि तो कशानेही शून्यावर येत नाही. तोल चालकाने सांभाळायचा, भोवती पत्र्याचा पिंजरा नाही, आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांना ती अरुंद दिसते. अरुंद वस्तू किती वेगाने जवळ येते याचा अंदाज माणसाचा डोळा वाईट करतो. पावसाळ्याच्या पहिल्या सरीत रस्त्यावरचे तेल वर येते, झेब्रा पट्ट्यांचा ओला रंग निसरडा होतो, वळणावर खडीची कच साचते. मोटारीला यातले बरेचसे जाणवतही नाही. गल्लीत शिरण्याची, कोंडीतून निघण्याची, लिटरला पन्नास-साठ किलोमीटर जाण्याची सोय ज्या हलकेपणातून येते त्याच हलकेपणातून हा धोका येतो. तो पत्करला तर मोबदला रोख मिळतो. या नोंदीपुरते कट्ट्यावरचे मत बरोबर आहे: धोका आहे, पण घेण्याजोगा आहे.

४. दुसरी नोंद: भलत्याने लावलेला धोका

हॅरी हर्ट यांच्या नेतृत्वाखाली लॉस एंजेलिस परिसरात झालेला आणि १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या विषयात अजूनही पायाचा मानतात. नऊशे अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली गेली. मोटारसायकल आणि दुसरे वाहन यांच्या टकरींत सुमारे दोन-तृतीयांश वेळा पहिला हक्क मोटारसायकलचा होता आणि तो दुसऱ्या चालकाने मोडला होता. बहुधा कारण एकच: ‘दिसलाच नाही.’ लॉस एंजेलिस म्हणजे पुणे किंवा नागपूर नव्हे. पण दुचाकीस्वार मेला की आधी त्याच्याच बेफिकिरीकडे बोट दाखवायची आपली सवय किती तपासून घेण्याजोगी आहे, एवढे तरी त्यातून कळते.

आपल्याकडे ही सवय सरकारी तक्त्यातच शिरली आहे. २०२२ च्या अहवालात ७१ टक्के मृत्यू ‘अतिवेग’ या रकान्यात पडले आहेत. रकाना भरणारा हवालदार घटनेनंतर पोहोचतो. वेग मोजण्याचे साधन त्याच्याकडे नसते, आणि वळणाचा उतार चुकला होता, दुभाजक अचानक सुरू होत होता, रस्त्यावर दिवा नव्हता हे लिहायला सोयीची जागा नसते. अतिवेग हे कारण खोटे आहे असे मी म्हणत नाही. ते सर्वांत स्वस्त कारण आहे, एवढेच. त्यात कोणत्याही खात्याला काही दुरुस्त करावे लागत नाही.

पश्चिम महाराष्ट्रात गाळपाचा हंगाम सुरू झाला की रात्रीच्या रस्त्यावर काय असते ते पाहा. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, उसाच्या मोळ्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेल्या, मागे लाल दिवा नाही, परावर्तक असलाच तर चिखलाने माखलेला किंवा लोंबत्या वाढ्यांनी झाकलेला. समोरून येणाऱ्या गाडीचा प्रखर झोत डोळ्यांवर आला की ती ट्रॉली आणि अंधार यांत फरक उरत नाही. मोटारसायकलचा दिवा तिला उजेडात आणतो तेव्हा अंतर उरलेले नसते. इथे स्वाराने साठाऐवजी चाळिसाने जायला हवे होते हे म्हणता येते, आणि ते खरेही आहे. पण शंभर-दोनशे रुपयांच्या परावर्तक पट्टीअभावी तयार झालेला धोका स्वाराच्या खात्यावर मांडणे हा हिशेब नव्हे. ती पट्टी न लावण्यातून बचत एकाची होते आणि जीव दुसऱ्याचा जातो.

रस्त्यांच्या धोरणातही हेच. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी, समृद्धी महामार्गावर बंदी, वांद्रे-वरळी सेतूवर बंदी, अटल सेतूवर बंदी. वेगात फार फरक असलेली वाहने एका रस्त्यावर आणू नयेत हे तत्त्व योग्यच आहे, तेव्हा बंदीला माझा विरोध नाही. प्रश्न पुढचा आहे. राज्यातली सर्वांत जास्त वाहने ज्या प्रकारची, त्यांच्यासाठी वेगळी वाट कुठे बांधली? जुन्या महामार्गावर डंपर आणि कंटेनर यांच्यात त्यांना सोडून दिले, आणि मुंबई-गोवा महामार्गासारख्या वर्षानुवर्षे अपुऱ्या कामाच्या रस्त्यावर खड्डा चुकवता चुकवता मागच्या ट्रकचाही अंदाज घेत जायला सांगितले. हेच तत्त्व मानून मलेशियाने क्वालालंपूरच्या फेडरल हायवेला १९७० च्या दशकातच मोटारसायकलींसाठी स्वतंत्र मार्गिका जोडली. तिथे बंदीच्या जोडीला पर्याय होता. इथे बंदी तेवढी आहे.

या नोंदीखालचा फायदा कोणाला जातो हेही लिहून ठेवायला हवे. पालिका पुरेशा बस चालवत नाही, तिचे पैसे वाचतात. कारखाना कामगारांसाठी गाडी ठेवत नाही, त्याचा खर्च वाचतो. काही मिनिटांत किराणा पोहोचवण्याचे वचन कंपनी देते, ग्राहक घरी बसून घेतो, आणि सिग्नलला थांबायचे की नाही याचा निर्णय पाठीवर चौकोनी पिशवी घेतलेल्या मुलाला करावा लागतो. दुचाकीस्वार ‘स्वतःच्या मर्जीने’ धोका घेतो असे म्हणताना या मर्जीत किती जणांची बचत मिसळली आहे ते आपण पाहत नाही.

५. तिसरी नोंद: ज्यापोटी काहीच मिळत नाही

आता स्वाराच्या स्वतःच्या खात्याकडे येऊ. इथे त्याला सूट देण्याचे कारण नाही. वेगापासून सुरुवात करू. बारा किलोमीटरचा मोकळा रस्ता ताशी ४० ने अठरा मिनिटांत संपतो, ६० ने बारा मिनिटांत. शहरात सिग्नल, वळणे आणि गतिरोधक धरले तर हा सहा मिनिटांचा फायदा दीड-दोन मिनिटांवर येतो. प्रत्येक सिग्नलला आपल्याला ‘कट’ मारून गेलेला शेजारी येऊन उभा राहतोच. बदल्यात दिलेले काय? समोर काही आडवे आल्यावर ब्रेककडे बोटे जायला एक सेकंद धरू. कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागला तर ४० च्या वेगातली गाडी सुमारे वीस मीटरवर थांबते. ६० च्या वेगातली गाडी त्या एका सेकंदातच सतरा मीटर गेलेली असते. पहिली गाडी जिथे पूर्ण उभी राहिली, नेमक्या त्याच ठिकाणी दुसरीचा वेग अजून ताशी ५५ च्या आसपास असतो. वेग दीडपट झाला, पण परिणाम ‘वाचलो’ आणि ‘पंचावन्नने आदळलो’ इतका दूर गेला. दोन मिनिटांसाठी हा व्यवहार कोणी डोळसपणे करणार नाही. तो होतो, कारण रोज तो फुकट पडल्यासारखा दिसतो.

दुसरे कलम ब्रेकचे आहे. ‘पुढचा ब्रेक लावू नको, पलटी खाशील’ हा मंत्र आपल्याकडे गाडी शिकवणारा प्रत्येक मोठा भाऊ देतो. ब्रेक लागला की वजन पुढे सरकते, पुढचे टायर रस्ता घट्ट धरते आणि मागचे हलके होते. थांबवण्याची मुख्य ताकद त्यामुळे पुढच्या चाकात असते. मागचाच ब्रेक दाबून धरणारा चाक लॉक करून घसरतो. हर्टच्या अभ्यासात हीच चूक पुन्हापुन्हा आढळली होती, आणि अपघातात सापडलेल्यांपैकी ९२ टक्के स्वार स्वतःहून किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. आपल्याकडे परवान्यासाठी आरटीओच्या मैदानावर आठचा आकडा काढून दाखवावा लागतो. पाय न टेकता संथ वेगात तोल सांभाळता येतो एवढे त्यातून सिद्ध होते. अचानक थांबता येते का हे कोणी विचारत नाही. माणसाला ज्या प्रसंगात मरण येते त्याची परीक्षाच नाही.

आणि मग हेल्मेट. २०२२ मध्ये हेल्मेट नसताना मेलेल्यांची संख्या अहवालात ५०,०२९ दिली आहे. हेल्मेट असते तर हे सगळे वाचले असते असे म्हणणे अतिशयोक्ती ठरेल. डंपरच्या मागच्या चाकाखाली आलेल्याला हेल्मेट वाचवत नाही. अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेणाऱ्या २००८ च्या कॉक्रेन अहवालाने हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका ४२ टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्के कमी होतो असा निष्कर्ष काढला. तो प्रमाण धरला तर पन्नास हजारांतले सुमारे एकवीस हजार आज घरी असते. महाराष्ट्रात त्या वर्षी सर्व प्रकारच्या रस्ते अपघातांत मिळून १५,२२४ माणसे गेली. त्याहूनही हा आकडा मोठा आहे. आणि हेल्मेट न घालून कमावले काय? केस विसकटले नाहीत, मान घामेजली नाही, गाडी लावल्यावर हातात ओझे राहिले नाही. या गैरसोयी खोट्या नाहीत. एप्रिलमधल्या विदर्भात दुपारी दोन वाजता हेल्मेट घालणे हा छळ आहे, आणि तो छळ वाटत नाही असे सांगणारा प्रचार ऐकणाऱ्याला पटतही नाही. पण गैरसोय आणि जीव एकाच रकान्यात मांडले की बेरीज करण्याची गरजही उरत नाही.

६. आक्षेप

पहिला आक्षेप पुण्याने कसोशीने जोपासला आहे. १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी हेल्मेटसक्तीची कडक अंमलबजावणी सुरू केली तेव्हा सक्तीविरोधी कृती समितीचा मुद्दा होता की महामार्गावर हेल्मेट ठीक, शहरात वेगच नसतो तर सक्ती कशाला? ऐकायला हे समंजस वाटते, पण डोके जमिनीवर आपटते ते गाडीच्या वेगानेच असे नाही, उंचीमुळेही. सीटवर बसलेल्या माणसाचे डोके रस्त्यापासून साधारण दीड मीटर उंच असते. गाडी सिग्नलला उभी असताना कोणी धक्का दिला आणि माणूस आडवा झाला, तरी एवढ्या उंचीवरून पडणारे डोके जमिनीला टेकताना ताशी वीस किलोमीटरच्या जवळ वेग घेते. हा वेग गुरुत्वाकर्षण देते. त्यासाठी गाडी पळावी लागत नाही. दुभाजकाचा कोपरा किंवा फुटपाथची कड वाटेत आली तर वीसही पुरेसे आहेत. शहरात वेग कमी असतो हे खरेच आहे, पण त्यातून हेल्मेट अनावश्यक ठरत नाही. उलट हेल्मेट सर्वांत परिणामकारक ठरते ते अशाच मध्यम आघातांत. शंभरच्या वेगात ट्रकवर आदळणाऱ्याला ते फारसे उपयोगी पडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बुद्धिमान आहे. अर्थशास्त्रज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी १९७५ मध्ये मोटारींच्या सुरक्षासाधनांबद्दल तो मांडला: साधने दिली की माणसे बेफिकीर होतात आणि वाचलेला धोका पुन्हा खर्च करतात. माणूस असे वागतो, यात शंका नाही. प्रश्न किती प्रमाणात, हा आहे. हेल्मेटमुळे येणारी बेफिकिरी हेल्मेटचा फायदा गिळून टाकत असेल, तर सक्ती उठवल्यावर मृत्यू वाढायला नकोत. फ्लोरिडाने २००० साली एकवीस वर्षांवरच्या आणि वैद्यकीय विमा असलेल्या स्वारांवरची सक्ती काढली, त्यानंतर मोटारसायकलस्वारांचे मृत्यू वाढले, आणि गाड्यांची वाढलेली संख्या वजा केल्यावरही वाढ उरली. उलट बाजूने व्हिएतनामने १५ डिसेंबर २००७ पासून सर्वांना सक्ती केली, रस्त्यावरची बहुतेक सगळी डोकी काही आठवड्यांत झाकली गेली आणि रुग्णालयांत येणाऱ्या डोक्याच्या दुखापती घटल्या. पेल्ट्झमन यांचा नियम इथे गळती दाखवतो, पण भांडे रिकामे करत नाही.

तिसरा आक्षेप स्वातंत्र्याचा, आणि तो मी हलक्याने घेत नाही. सज्ञान माणसाने स्वतःच्या जिवाचे काय करावे हे सरकारने का सांगावे? २०१६ च्या जुलैमध्ये राज्यात ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ अशी घोषणा झाली, पंपचालकांनी विरोध केला आणि ती मागे पडली. पेट्रोल विकणाऱ्याला पोलीस करणे हा मूर्खपणाच होता. पण तत्त्व म्हणून हा आक्षेप तेव्हाच उभा राहतो जेव्हा धोका आणि मोबदला दोन्ही एकाच माणसाच्या खात्यावर असतात. मागच्या सीटकडे पाहिले की तो डळमळतो. त्या ५०,०२९ मृतांपैकी १४,३३७ जण मागे बसलेले होते. वेग त्यांनी ठरवला नव्हता, ब्रेक त्यांच्या हातात नव्हता. साडी नेसून एका बाजूला बसलेली बाई एका हाताने नवऱ्याच्या सीटची कड आणि दुसऱ्या हाताने मांडीवरचे मूल धरते. तिचा पदर चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारी जाळी केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ व्या नियमाने बंधनकारक आहे, आणि गाडी ‘स्पोर्टी’ दिसावी म्हणून घेतल्याच्या आठवड्यात ती काढली जाते. नवऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट, तिच्या डोक्यावर पदर, मूल पुढे टाकीवर किंवा फूटबोर्डवर उभे. या घरातल्या हेल्मेटची संख्या पावती फाडणारा पोलीस कोणाची फाडतो त्यावर ठरलेली असते. स्वातंत्र्य इथे नेमके कोणाचे?

कायद्याचा विमाही याच सीटला उघडे टाकतो. फक्त सक्तीचा तृतीय पक्ष विमा असलेल्या गाडीवर मागे बसलेला माणूस ‘तृतीय पक्ष’ धरला जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तिलक सिंग प्रकरणात ठरवले. म्हणजे चूक आपल्याच चालकाची असेल, तर मागे बसलेल्या बायकोला वा मित्राला त्या पॉलिसीतून काही मिळत नाही. पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण आहे, पण ते मालक स्वतः चालवत असेल आणि त्याच्याकडे परवाना असेल तरच. बापाच्या नावावरची गाडी घेऊन गेलेला मुलगा त्यातही बसत नाही. स्वार जो धोका ‘माझा’ म्हणून घेतो, त्यातला मोठा वाटा घरातल्या अशा माणसांवर पडतो ज्यांना विचारलेले नसते.

चौथा आक्षेप राहतो, आणि इथे मला अर्धे मागे यावे लागते. ताम्हिणी किंवा आंबोलीच्या घाटात गाडी वळणावर झुकवण्याचा जो आनंद आहे तो या हिशेबात कुठे बसतो? वेग आणि धोका हा त्या आनंदाचाच भाग आहे असे सांगणारा खोटे बोलत नसतो. अशा माणसासाठी तिसऱ्या नोंदीतला काही धोका पहिल्या नोंदीत जातो. त्याला त्यापोटी खरोखर काही मिळते. ते मला नाकारता येत नाही आणि नाकारायचेही नाही. मात्र हा आनंद घेणाऱ्यांत जे मुरलेले असतात त्यांना पाहावे: हेल्मेट उत्तम, हातमोजे, पायात घोट्यापर्यंतचे बूट, टायरची हवा तपासलेली, दारू परतल्यावर. आनंदाला लागणारा धोका आणि न लागणारा धोका त्यांनी आपापले वेगळे केलेले असतात. तरीही समोरच्या वळणावरून येणाऱ्या एसटीच्या चालकाला या आनंदात वाटा नाही, हे उरतेच.

७. शोरूममधला निर्णय

हिशेब असा कलमवार मांडला की निर्णयाची जागा बदलते. गाडी घ्यायची की नाही, हा प्रश्न बहुतेक घरांत परिस्थितीने आधीच सोडवलेला असतो. खरा निर्णय पुढच्या बारीकसारीक गोष्टींत आहे आणि तिथे कोणी वाद घालत नाही. २०१८-१९ मध्ये १२५ सीसीवरच्या गाड्यांना एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी ब्रेकप्रणाली, सक्तीची झाली. त्याखालच्या, म्हणजे सर्वांत जास्त खपणाऱ्या गाड्यांना एकत्रित ब्रेकवर भागवण्याची मुभा मिळाली. अमेरिकेतल्या विमा क्षेत्राच्या अभ्यासांत एबीएस असलेल्या मोटारसायकलींचे प्राणघातक अपघात पाचव्या हिश्शाहून अधिक कमी आढळले आहेत. मुभेचे कारण किंमत हे होते. ज्या स्वाराला मोटार परवडत नाही त्यालाच चांगला ब्रेकही परवडणार नाही असे धरून धोरण आखले गेले, आणि ग्राहकानेही कधी कुरकुर केली नाही.

त्याने कुरकुर केली ती दुसऱ्याच गोष्टींवर. नवी गाडी घेताना अलॉय व्हील, सीट कव्हर, क्रॅश गार्ड, नंबरप्लेटवरची अक्षरे यांवर तासभर घासाघीस होते. गाडीबरोबर भारतीय मानकाचे हेल्मेट देणे नियमाने बंधनकारक आहे, हे बहुतेकांना माहीत नसते. माहीत असलेले ते नको म्हणून त्याऐवजी थोडी सूट मागतात. मागे बसणाऱ्यासाठी दुसरे हेल्मेट घ्यायचे का, पॉलिसीत मागच्या सीटचे संरक्षण काही शे रुपयांत जोडून मिळते ते जोडायचे का, साडीची जाळी ठेवायची का, हे प्रश्न विक्रेता विचारत नाही आणि गिऱ्हाईकही काढत नाही. हार घालून, नारळ फोडून, चाकाखाली लिंबू ठेवून गाडी बाहेर पडते तेव्हा तिसऱ्या नोंदीतली निम्मी कलमे त्याच काउंटरवर ठरून गेलेली असतात, आणि ती खोडायला लागणारी रक्कम बहुतेक वेळा सीट कव्हर आणि क्रॅश गार्डच्या बिलाहून कमी असते.